आमच्या गरिबीचा हंगाम

तो माणूस माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि मैदानावरची नजर न हलवता म्हणाला, की तो माझ्याशी बोलत नाहीये. मी इकडेतिकडे पाहिलं. इंगोलश्टाटजवळच्या आमच्या गावातल्या क्लबाचं मैदान, ढगाळ शनिवार, कुंपणाला टेकलेले आम्ही चार-पाच पालक आणि पलीकडच्या गोलमध्ये आपल्याच बचावफळीवर खेकसत उभी असलेली माझी मुलगी. या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, तेव्हा तो माझ्याशी बोलत नसेल तर त्यात नवल काय? पण त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं. शहराबाहेर टेकडीवर जी मोठी खासगी शाळा आहे, तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघाचा तो प्रशिक्षक होता. खासगी शाळांची आपसात एक लीग आहे आणि त्या लीगच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षकाला दुसरीकडच्या खेळाडूशी किंवा तिच्या आईबापांशी बोलायला सक्त मनाई आहे.

म्हणून मग तो स्वतःशीच बोलू लागला. स्वतःला त्याने असं सांगितलं, की ही गोलकीपर उंचीच्या मानाने उडी फारच छान मारते. आपल्या शाळेत खास गोलकीपरांसाठी वेगळा प्रशिक्षक आहे याचीही त्याने स्वतःला आठवण करून दिली. येत्या शनिवारी शाळेचं प्रवेशद्वार सगळ्यांसाठी खुलं आहे, जगातला कोणीही येऊन शाळा बघू शकतो, असंही तो स्वतःला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता मान लववून निघून गेला.

इतकी वर्षं या देशात राहून मला एक कळलंय. आपल्याकडे नियमातून वाट काढायची तर ओळख लागते, वशिला लागतो, कोणाला तरी चहा पाजावा लागतो. इथे नियम तंतोतंत पाळूनच ते काम उरकतात, आणि वर त्याची पावतीही देतात.

एरवी मी त्या माणसाला हसून विसरून गेले असते. पण त्याने नेमकं आमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. जर्मनीच्या या बायर्न राज्यात चौथी संपली की मुलांची प्रतवारी होते. हुशार ठरलेली गिमनाझिउममध्ये जातात, उरलेली रिआलशूलेत किंवा आणखी खाली. आमची मुलगी तेव्हा नुकती जर्मनमध्ये रुळत होती. गणितात बरी, निबंधात लंगडी. बाईंनी तिला रिआलशूलेत पाठवलं. तिला स्वतःला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिच्या क्लबातल्या निम्म्या मुली तिथेच होत्या. वाटलं ते आम्हाला. आमच्याकडच्या मराठी मंडळींत, गणपतीच्या जेवणाला पुलावाची रांग लागली की पहिला प्रश्न असतो, "तुमची कुठल्या गिमनाझिउमला?" शाळेला जाते का असं कोणी विचारत नाही. कुठल्या गिमनाझिउमला, एवढंच. माझा नवरा, जो गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि एरवी तासन्‌तास ब्रेकवर बोलू शकतो, त्या प्रश्नाला लगेच कोशिंबीर आणायला उठायचा.

टेकडीवरच्या शाळेचं नाव घेता आलं असतं तर तो जागचा हलला नसता. ती शाळा गिमनाझिउमच्याही वरची. तिथून थेट आबिटूरची शालान्त परीक्षा, थेट विद्यापीठ, आणि मुलांच्या अंगावर निळे ब्लेझर. आम्ही शनिवारी शाळा बघायला गेलो, अर्थात जगातल्या कोणीही मंडळींपैकी म्हणून.

मैदान बघून मुलगी वेडी झाली. मखमली हिरवळ, नवी जाळी, गोलकीपरांसाठी वेगळी वाळूची जागा. ती वाळूत गुडघे टेकून बसली आणि मला जर्मनमध्ये म्हणाली, की इथे पडलं तर लागणारच नाही. घरी आम्ही मराठी बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते, हा आमच्या घरचा रिवाज आहे. नवरा मात्र फीचा तक्ता वाचून पाणी शोधत होता.

मुख्याध्यापिका फार गोड बाई. सोनेरी केस, मोत्यांची माळ, बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची सवय. त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं, की खेळासाठी त्यांची शाळा कोणालाही फीमध्ये एका सेंटचीही सवलत देत नाही. लीगचा तसा नियम आहे आणि शाळेचं तत्त्वही तसंच आहे. आर्थिक साहाय्य मिळतं ते फक्त गरजेपोटी. गरज आहे की नाही हे शाळेच्या हितचिंतकांच्या मंडळाची स्वतंत्र समिती ठरवते आणि कोणतं मूल काय खेळतं हे त्या समितीला माहीतही नसतं. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी आमच्या मुलीला हातमोज्यांचा नंबर विचारला.

नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की आम्ही काही गरजू नाही. दोघेही नोकरी करतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत अर्धवेळ टेस्टिंग करते, त्याचा पगार चांगला आहे, फक्त ही फी आमच्या आवाक्याबाहेरची आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. गरज ही सापेक्ष गोष्ट असते, असं त्या म्हणाल्या.

त्या वाक्याने आमच्या घरात शिरकाव केला तो कायमचाच. तिसऱ्या दिवशी नवरा पोळी मोडता मोडता म्हणाला, "तसं बघितलं तर आपण काही श्रीमंत नाही." हा माणूस मराठी मंडळाच्या सहलीत पुण्यातल्या दोन फ्लॅटचा विषय निघावा म्हणून तासभर रेराच्या गप्पा मारणारा. आता त्याला त्याच फ्लॅटांचे हप्ते दिसू लागले. घराचं भाडं, गाडीचा विमा, भारताची तिकिटं, सगळ्याच्या ओझ्याखाली तो वाकून चालायला लागला. मीही काही मागे नव्हते. दुकानात महागडा आंबा परत ठेवताना मला मनातून बरं वाटायचं, आपली गरज खरी आहे असं वाटायचं.

रीतसर अर्ज झाला आणि समितीचा निरोप आला, की कुटुंबाशी ओळख करून घ्यायला शाळेची माणसं येत्या रविवारी कॉफीच्या वेळी घरी येतील. तपासणी वगैरे काही नाही, नुसती ओळख. नेमक्या तेव्हाच आमच्या सासूबाई उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेल्या होत्या.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अहो आई, शाळेची माणसं येणार आहेत, फीमध्ये सवलत द्यायची की नाही ते ठरवायला, तेव्हा घर जरा साधंच ठेवू या. त्यांना सगळं कळलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना न कळायला काय झालं? पण पसंत अजिबात पडलं नाही. "अगं, चार माणसं घर बघायला येणार आणि आपण कमीपणा दाखवायचा?" त्या म्हणाल्या. "मुलीचं पुढे आयुष्य आहे." नवऱ्याने तोपर्यंत आमची दुसरी गाडी मागच्या गल्लीत नेऊन उभी केली होती आणि कॉफीचं मोठं मशीन कपाटात ढकललं होतं. सासूबाईंनी कपाट उघडलं आणि मशीनच्या मागून चांदीची ताटली आणि वाट्या काढल्या, ज्या त्यांनीच आमच्या लग्नात दिल्या होत्या.

खरं सांगायचं तर मलासुद्धा राहवलं नाही. सकाळी उठून मी पडदे धुतले, खिडक्या पुसल्या, फुलं आणली, न वापरलेला टेबलक्लॉथ काढला. घरी माणसं येणार म्हटल्यावर दरिद्री दिसणं हे माझ्या हाताला जमेचना. दुपारपर्यंत आमचं घर एखाद्या दागिन्यांच्या जाहिरातीत शोभलं असतं. सासूबाईंनी इरकल नेसली, मुलीला खणाचा ड्रेस घातला, तिच्या हातात स्वतःच्या पाटल्या चढवल्या आणि बटाटेवडे तळायला घेतले.

पाहुणे दोनच आले. मुख्याध्यापिकाबाई आणि समितीचे अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त कर सल्लागार, ज्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर दुसऱ्यांची उत्पन्नं वाचल्याचा थकवा होता. प्रशिक्षकही आला होता, पण रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहिला. खेळाडूच्या घराचा उंबरठा ओलांडायला त्याला नियमाने बंदी होती. नियमात वड्यांविषयी काही नव्हतं. सासूबाईंनी चांदीच्या ताटलीत चार वडे आणि चटणी घालून नातीला बाहेर पाठवलं, आणि त्याने गाडीची काच खाली करून, समोर बघत, एक शब्दही न बोलता ते खाल्ले.

आत सासूबाई अध्यक्षांच्या समोर बसल्या आणि आपल्या इंग्रजीत त्यांनी आमचं सगळं मांडलं. मुलगा इंजिनिअर. सून कॉम्प्युटरमध्ये. पुण्यात फ्लॅट दोन, एक वाकडला, एक बाणेरला. आम्हाला कोणाच्या उपकाराची गरज नाही, तुम्ही पोरीचं कौतुक म्हणून काही देत असाल तर द्या. अध्यक्षांना त्यांचं इंग्रजी काही उमगलं नाही, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो जर्मनमध्ये म्हणाला, "आई सांगतेय, की भारतातही आमच्यावर दोन घरांची जबाबदारी आहे."

अध्यक्षांनी फार गंभीरपणे मान डोलावली. दोन घरं, असं ते हळूच म्हणाले, आणि तिसरा वडा घेतला.

मी मुख्याध्यापिकाबाईंकडे बघत होते. त्यांच्यासमोर चांदी होती, सोनं होतं, नवा सोफा होता, खिडकीतून दिसणारी बाग होती, आणि हे सगळं त्या डोळे भरून बघत होत्या. पाटल्यांना त्यांनी हातही लावून पाहिला. किती अस्सल, असं म्हणाल्या. आपली संस्कृती तुम्ही इतक्या कठीण परिस्थितीतही किती जपली आहे! कठीण परिस्थिती कुठली ते मला कळेना. मग हळूहळू उजेड पडला. आम्ही काय दाखवतोय याला महत्त्वच नव्हतं. त्यांना गोलकीपर हवी होती हे एक. आणि दुसरं म्हणजे, आमच्या रंगाची माणसं त्यांच्या दारात आली की ती गरजूच असतात, सोन्यात मढवली तरी. नवऱ्याने गाडी गल्लीत लपवली ती उगाचच.

जाताना सासूबाईंनी मुख्याध्यापिकाबाईंची ओटी भरली. त्या नारळ छातीशी धरून गाडीत बसल्या. पंधरा दिवसांत समितीने आम्हाला गरजू ठरवलं.

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या, "घर नीटनेटकं असलं की छाप पडते."

आणि मुलगी निळा ब्लेझर घालून टेकडीवर जायला लागली. ती खूश होती हे मला सांगायलाच हवं, कारण नाहीतर पुढचं सगळं नुसती चेष्टा वाटेल. तिला शिकवणारा तो गोलकीपरांचा प्रशिक्षक खरोखर चांगला होता. पडायचं कसं, चेंडूच्या आधी पाय कसा हलवायचा, हे सगळं ती घरी सोफ्यावर करून दाखवायची. वर्गात तिचं फारसं कोणाशी जमलं नाही. सोमवारी मुली स्कीइंगचं बोलायच्या आणि ही ऐकायची. पण गोलमध्ये उभी राहिली की सगळ्या तिच्या नावाने ओरडायच्या. शाळेच्या वेबसाइटवर तिचा हवेत झेपावलेला फोटो लागला. गणपतीच्या जेवणात नवरा पुलावाच्या रांगेत आपणहून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला आणि कोणी विचारेपर्यंत तिथून हलला नाही. शाळेचं नाव सांगितलं. फी कशी परवडते या प्रश्नावर मात्र तो कोशिंबीर आणायला गेला.

मग आला हितचिंतकांचा मेळावा. वर्षातून एकदा देणगीदारांना शाळेत बोलावतात, गाणी होतात, भाषणं होतात, आणि साहाय्य मिळणारी मुलं पाहुण्यांना केक वाढतात. कृतज्ञतेची सवय लागावी म्हणून, असं आमंत्रणात होतं. आम्ही इस्त्रीच्या कपड्यांत एका कडेला उभे होतो. आमची पोर ट्रे घेऊन टेबलांमधून फिरत होती, आणि तिने एका टेबलावर चेरीचा केक ठेवला तिथे माझ्या नवऱ्याचा विभागप्रमुख बसला होता. त्याचा मुलगा त्याच शाळेत आहे आणि तो गेली अनेक वर्षं गरजूंसाठी देणगी देतो, हे आम्हाला तिथे कळलं. त्याने मुलीला थँक्यू म्हटलं, मग तिच्या मागे आमच्याकडे पाहिलं, आणि त्याचा काटा हवेतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने नवऱ्याला एका छोट्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. कंपनीची एक समुपदेशन सेवा आहे, तिथे सगळं गुप्त ठेवतात, असं सांगून नंबरही दिला. पगार वाढवण्याविषयी अवाक्षर काढलं नाही. नवरा घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसला. मला हसू आवरेना. "म्हणायचं होतंस ना," मी म्हटलं, "तुम्हीच पगार देता आणि तुम्हीच भीक घालता, तर दोन्ही एकाच खात्यात का नाही टाकत?" तो हसला नाही. मला त्याचा खरं म्हणजे रागही आला नाही. लाज मलाही वाटत होती, मी फक्त ती हसून काढत होते.

वसंतात लीगचे शेवटचे सामने सुरू झाले. शाळा पहिल्यांदाच इतकी पुढे आली होती. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या मुलीचे व्हिडिओ फिरत होते. मी प्रत्येक सामन्याला जायचे. प्रशिक्षक आता माझ्याशी बोलायचा, नियमाने त्याला ते चालत होतं, पण बोलण्यासारखं त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. एका सामन्यात मुलगी उजव्या हातावर आपटली आणि जरा वेळ गुडघ्यांवर बसून राहिली. प्रशिक्षकाने मनगटाला पट्टी बांधली, तिने अंगठा वर केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येताना विचारलं तर म्हणाली, "पास्ट शोन." म्हणजे ठीक आहे, चालेल. तिची पिढी या दोन शब्दांवर आख्खं आयुष्य काढते.

त्यानंतरही ती खेळत राहिली. उपांत्य फेरी खेळली, सरावही केला. मनगटावर पट्टी असायची, पण त्या वयाच्या खेळाडूंना पट्ट्या मिरवायलाही आवडतात.

त्याच सुमाराला सासूबाई पुन्हा आल्या. त्या असल्या की आमच्याकडे काटे-चमचे बाजूला पडतात आणि सगळे हाताने जेवतात. नातही कुरकुर न करता जेवते, कारण आजीच्या हातचं वरण तिला मनापासून आवडतं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी, नवरा ऑफिसातून यायच्या आधीच, आम्ही तिघी जेवायला बसलो. सासूबाईंनी वाढलं, तूप घातलं, आणि बघतात तर पोरगी डाव्या हाताने भात कालवतेय.

"उजवा हात काय भाड्याने दिलायस का गं?" त्या म्हणाल्या.

मुलीने मुकाट्याने हात बदलला. उजव्या हाताने घास केला, अर्ध्या वाटेवर तो ताटात पडला. तिने पुन्हा केला, पुन्हा पडला. तिचा चेहरा पांढरा झाला होता. सासूबाईंनी उष्ट्या हाताने तिची पट्टी सोडवली. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती, आणि तिथे बोट लावताच मुलगी ओरडली. मी तिला कधीपासून दुखतंय म्हणून विचारलं. ती "पास्ट शोन" म्हणायला गेली आणि मध्येच थांबली. आम्ही ताटं तशीच ठेवून गाडीत बसलो.

डॉक्टर तरुण होती. तिने फोटो काढले, दिव्यासमोर धरले, आणि सांगितलं की मनगटातलं एक छोटं हाड मोडलं आहे, आणि ते आज मोडलेलं नाही. कित्येक आठवडे झाले असावेत. शस्त्रक्रिया करावी लागेल, मग प्लास्टर, फुटबॉल बराच काळ बंद. तिने मुलीला विचारलं, इतके दिवस खेळलीस कशी? मुलगी म्हणाली, प्रशिक्षकाने विचारलं होतं जमेल का, मी जमेल म्हटलं. मग डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे राग भरपूर होता, आणि तो कुठे काढायचा ते मला तिथे उभ्या उभ्या ठरवता येईना.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. समिती दरवर्षी गरजेचा फेरविचार करते. त्या उन्हाळ्यात तिने आमचा केला, आणि आमची परिस्थिती आनंददायकरीत्या स्थिरावली असल्याचं तिला आढळलं. आमच्या पगारात काही फरक पडला नव्हता, फ्लॅट दोनच होते, हप्तेही तेच. फरक पडला होता तो फक्त एका हाडात. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, की मागच्या वर्षी आम्ही गरजू कशावरून होतो आणि या वर्षी नाही ते कशावरून. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. समिती स्वतंत्र आहे, त्या म्हणाल्या, आणि कोणतं मूल काय खेळतं हे तिला माहीतही नसतं. मी त्यांचा हात उचलून त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. नव्या सत्रात न्युर्नबर्गहून एक गोलकीपर आली, आमच्या मुलीहून वीतभर उंच. तिचे वडील दातांचे डॉक्टर आहेत, स्वतःचं क्लिनिक आहे. तेही कुटुंब गरजू निघालं.

मुलगी परत रिआलशूलेत गेली. तिथून पुढे दोन वर्षांची एक वेगळी शाळा करून विद्यापीठात जाता येतं. हे तिच्या जुन्या बाईंनी आम्हाला चौथीतच सांगितलं होतं, पण तेव्हा आम्ही दोघं मराठी मंडळातली तोंडं डोळ्यांसमोर आणून रडण्यात गुंतलो होतो. नवरा आता गणपतीला सरळ सांगतो, रिआलशूले. काही जण त्यावर लगेच कोशिंबीर आणायला उठतात, आमच्यावर दया करून.

पण मला आठवत राहते ती हॉस्पिटलातून परतीची वाट. मी गाडी चालवत होते, सासूबाई मागे बसल्या होत्या, मुलगी माझ्या शेजारी, हात बांधून छातीशी घेतलेला. अजून उजेड होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिअरसाठी लागणाऱ्या हॉपची शेतं, उंच खांब, नुकत्या चढायला लागलेल्या वेली. मी मनातल्या मनात त्या प्रशिक्षकाला फाडून खात होते, मग मुख्याध्यापिकेला, मग अध्यक्षांना त्यांच्या वड्यांसकट. मुलीला दुखत असणार म्हणून मी तिला म्हटलं, रडायचं तर रड. ती रडली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि कसला तरी हिशेब करत होती, तिच्या कपाळावर गणित सोडवताना पडते तशी आठी पडली होती. मग ती बोलली, आणि मराठीत बोलली. मागे आजी होती म्हणून असेल, किंवा हे घरातलंच बोलणं आहे असं तिला वाटलं असेल.

"आई, मी खेळले नाही तर आपण परत श्रीमंत होणार ना?"

मला वाटलं ती टोमणा मारतेय. मी तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती.

"होणार," मी म्हटलं.

"मग श्रीमंत झाल्यावर माझी फी कशी भरणार?"

मागे सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतेय गं ती? माझ्या पंधरा वर्षांच्या पोरीने आठवडेच्या आठवडे मोडक्या हाताने चेंडू अडवून घरची फी भरली होती, कोणाला कळू न देता, आणि आता पुढच्या महिन्याची फी कुठून आणायची या काळजीत ती बसली होती.